किरायाची सायकल : लोह्याकडच्या एका लुप्त संस्थेचा वृत्तान्त

नांदेडाहून लातुराकडे निघालेला रस्ता गोदावरीचे खोरे मागे टाकून बालाघाटाच्या माळरानावर चढू लागतो, त्या वाटेवर, नांदेडपासून सुमारे दहा कोसांवर, लोहा हे बाजारपेठेचे गाव आहे. निजामाच्या अमलात आणि त्यानंतरही दीर्घकाळ ते कंधार तालुक्यात मोडत असे. तालुक्याच्या ठाण्याचा मान त्याला बराच उशिरा लाभला. या गावाला रेल्वे कधी आली नाही. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून मनमाडकडे गेला, दुसऱ्या अंगाने बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरपर्यंत पोहोचली, आणि या दोन लोहमार्गांच्या मधला मुलूख बैलगाडी, तट्टू आणि स्वतःचे पाय यांच्या भरवशावर तसाच राहिला. अशा मुलखातील माणसाला तहसिलीचा हेलपाटा, कोर्टाची तारीख, सोयरीक, दवाखाना आणि आठवडी बाजार यांसाठी जे अंतर कापावे लागे, ते चालण्याला फार आणि मोटारीला थोडे, असे पाच-सहा कोसांचे असे. या मधल्या अंतराचा प्रश्न विसाव्या शतकात सायकलीने सोडविला. परंतु ज्यांनी ती चालविली त्यांतील फार थोड्यांच्या मालकीची ती होती. बहुतेकांची सायकल किरायाची होती, आणि किरायाने सायकल देणारे दुकान ही मराठवाड्याच्या लहान गावांतील एक खरीखुरी सार्वजनिक संस्था होती, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

वाहन भाड्याने घेण्याची रीत या प्रांताला नवी नव्हती. भाड्याच्या तट्टाची आठवण भाषेने अजून जतन करून ठेवली आहे, आणि लोह्यापासून जवळच असलेल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, मार्गशीर्षात, घोडे, गाढवे आणि उंट यांचा जो बाजार आजही भरतो, तो या प्रदेशाच्या जुन्या दळणवळणाचा जिवंत पुरावाच आहे. तट्टू भाड्याने देणारा मनुष्य जनावराच्या सोबत स्वतः चालत असे किंवा आपले पोर तरी धाडीत असे, कारण परक्या हाती दिलेले जनावर उपाशी मरण्याचे भय त्याला वाटे. सायकलीने हा सोबती अनावश्यक केला. दाणापाणी न मागणारे, दमून न बसणारे आणि वाट न विसरणारे हे वाहन मालकाच्या नजरेआड जाऊ शकले. मात्र नजरेआड गेलेली वस्तू परत यावी यासाठी जी व्यवस्था लागते, ती प्रत्येक दुकानदाराला स्वतःच्या बुद्धीने उभारावी लागली.

सायकलीचे आजचे रूप इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरी १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने सिद्ध केले. दोन सारखी चाके, पायटे आणि मागील चाकाला गती देणारी साखळी हा तिचा सांगाडा तेव्हापासून आजतागायत फारसा बदललेला नाही. १८८८ साली डनलॉपने हवेचे टायर काढले आणि खडबडीत वाटेवरही ती चालविणे सुसह्य झाले. हिंदुस्थानात ती आली ती साहेबाची, पाद्र्याची आणि वरिष्ठ अंमलदाराची म्हणून. हैदराबाद संस्थानात तिचा मार्ग थोडा अधिक लांबचा होता: माल मुंबई-मद्रासच्या बंदरांत उतरायचा, तेथून हैदराबादेस यायचा, आणि किंमत कलदार रुपयांत फिटायची; संस्थानातील माणसाच्या गाठीला असे तो हाली शिक्का, सात हालीला सहा कलदार या हिशेबाचा. ज्याच्या घरी नगद पैसा सुगीखेरीज दिसत नसे, त्याला ही वस्तू दुर्लभ असावी यात नवल नाही. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने सत्तावीस मोटारगाड्यांनिशी रस्त्यावरील वाहतूक सुरू केली, पण मोटार ठरलेल्या सडकेवरून ठरलेल्या वेळी जाणार. सडकेपासून आत असलेल्या गावाला तिचा उपयोग अर्धाच.

स्वातंत्र्याच्या आगेमागे हे चित्र पालटू लागले. १९३९ मध्ये मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. १९४९ मध्ये मद्रासेत टी. आय. सायकल्स आणि १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस यांची स्थापना झाली. आणि १९५६ मध्ये लुधियान्यात मुंजाल बंधूंनी हिरो सायकल्सचा आरंभ केला. त्याच १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबादेतून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. देशी कारखान्याची काळी, उंच, दणकट, मागे कॅरिअर आणि खाली भक्कम स्टँड असलेली सायकल तालुक्याच्या गावांपर्यंत उतरली ती या दशकात. तरीही ती शेतमजुराच्या किंवा अल्पभूधारकाच्या आवाक्यात आली असे म्हणता येणार नाही. लग्नाच्या बोलणीत सायकल, घड्याळ आणि रेडिओ हे त्रिकूट कित्येक वर्षे मागितले जात होते, आणि हुंड्याला १९६१ च्या कायद्याने बंदी केल्यावरही मागितले जातच राहिले, ही लज्जास्पद गोष्ट त्या वस्तूची दुर्मिळता सांगते. सरकारी नोकराला सायकलीसाठी आगाऊ रक्कम मिळे आणि ती पगारातून वळती होई. शिक्षक, पोस्टमन, ग्रामसेवक यांच्या दारी सायकल दिसे ती या सोयीमुळे. ज्याला पगार नव्हता आणि सासराही समर्थ नव्हता, त्याच्यासाठी राहिले किरायाचे दुकान.

हे दुकान म्हणजे बहुधा मोटारथांब्याजवळची किंवा बाजाराच्या तोंडाशी असलेली पत्र्याची टपरी. समोर ओळीने उभ्या केलेल्या सायकली, चौकटीला टांगलेले जुने टायर, पंक्चर पाहण्यासाठी पाण्याने भरलेले घमेले, पायाने दाबून धरण्याचा उभा पंप, आणि आत लाकडी पेटीत पाने, छर्रे, वॉलट्यूब, सोल्युशनची नळी. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने दुकानाचे नाव आणि सायकलीचा क्रमांक घातलेला असे, म्हणजे कोणत्याही गावच्या पारावर ती उभी दिसली तरी तिचा धनी कोण हे सांगावे लागू नये. पुष्कळ ठिकाणी हा व्यवसाय मुसलमान कारागिरांच्या हाती होता. चाकाचा आऊट काढणे, म्हणजे एकेक तार ताणून किंवा सैल करून वाकडे फिरणारे चाक सरळ करणे, हे काम ज्याने जवळून पाहिले असेल त्याला ही विद्या किती सूक्ष्म आहे हे कळेल. तिला कोणत्याही शाळेत वर्ग नव्हता, ती उस्तादाच्या शेजारी बसून बोटांनीच शिकावी लागे. किराया आणि दुरुस्ती या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती असत, आणि माझ्या मते या संस्थेचे सारे रहस्य येथेच आहे. परत आलेली सायकल घेताना दुकानदार पैडल फिरवून पाही, ब्रेक दाबून पाही, टायरवर अंगठा दाबी, आणि जे बिघडले असेल ते दुसरे गिऱ्हाईक येण्यापूर्वी तेथेच दुरुस्त होई. बिघाड रात्रभर राहत नसे, म्हणून तो वाढतही नसे.

किरायाचा दर तासाचा असे. आण्यांचा हिशेब १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाण्यांनी कायद्याने संपविला, परंतु दुकानात तो पुढे कित्येक वर्षे चालला. पंचवीस पैशांना चार आणे आणि पन्नासांना आठ आणे म्हणणारी ही पिढी पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ रोजी चलनातून जाईपर्यंत तसेच म्हणत राहिली. तासाने पैसे घ्यायचे म्हणजे घड्याळ हवे, आणि गिऱ्हाइकाच्या मनगटावर ते क्वचितच असे; तेव्हा दुकानातील भिंतीवरचे घड्याळ हेच प्रमाण मानले जाई. लहान मुले दर थोड्या वेळाने दुकानावरून चक्कर मारून किती वाजले ते विचारून जात. शेतीच्या गावात जेथे वेळ सूर्यावरून, बांगेवरून किंवा मोटारीच्या येण्याजाण्यावरून ओळखली जाई, तेथे मिनिटाला मोल आहे ही कल्पना अनेकांना पहिल्याने या टपरीवर शिकावी लागली. कारखान्याच्या भोंग्याने नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या कामगाराला जे शिकविले, ते लोह्यासारख्या गावी सायकलवाल्याच्या घड्याळाने शिकविले असे मला वाटते.

सायकल द्यायची कोणाला, हा खरा प्रश्न. दुकानदाराजवळ एक वही असे. तीत गिऱ्हाइकाचे नाव, गाव, सायकलीचा क्रमांक, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ आणि आलेली रक्कम यांची नोंद होई. ओळखीच्या माणसाला एवढी नोंद पुरे. परगावच्या माणसाने गावातील कोणाचे तरी नाव सांगावे, किंवा त्या माणसाला दुकानापर्यंत आणावे, आणि तो हो म्हणाला की तोच जामीन झाला. कागद नाही, स्टँप नाही, साक्षीदार नाही. अगदीच अनोळखी असेल तर घड्याळ किंवा काही रक्कम अमानत म्हणून ठेवून घेत. पंक्चर कोणाच्या माथी, हा नित्याचा वाद असे. साधारण संकेत असा की काटा रुतला तर गिऱ्हाइकाने भरावे आणि जुना पॅच सुटला तर दुकानदाराने सोसावे, आणि घमेल्यातील पाण्यात ट्यूब बुडविली की बुडबुडा कोठून येतो हे दोघांनाही दिसे, त्यामुळे निवाडा तेथल्या तेथे होई. या वह्या कोणत्याही दफ्तरखान्यात दाखल झाल्या नाहीत. दुकान बंद झाले की त्या रद्दीत गेल्या. आणि कोण कोठून कोठे, कोणत्या दिवशी, किती वेळासाठी गेला याचा एका तालुक्याचा वीस-तीस वर्षांचा जो तपशील कोणत्याही जनगणनेत सापडणार नाही, तोही त्यांच्याबरोबर गेला. महसुलाचा कागद जपणाऱ्या आपल्या समाजाने या वह्या जपल्या नाहीत, ही हानी मला मोठी वाटते. ज्यांच्या घरी अशी एखादी वही अजून शिल्लक असेल त्यांनी ती कृपा करून फेकू नये.

नेणारे कोण? कंधारच्या तहसिलीत किंवा कोर्टात काम असलेला कुळवाडी, माळाकोळी किंवा सोनखेडकडच्या गावी निरोप घेऊन जाणारा मनुष्य, आजाऱ्याचे औषध आणायला आलेला भाऊ, बाजारातून सामान नेणारा किरकोळ दुकानदार, आणि शाळकरी मुले. मुलांसाठी लहान सायकली वेगळ्या ठेवलेल्या असत आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना क्षणाची उसंत नसे. ज्याला लहान मिळाली नाही तो मोठीच घेई, आणि दांडीच्या खालून पाय घालून, शरीर एका बाजूला तोलून, अर्धे पैडल मारीत कैची चालवी. कैचीवरून दांडीवर आणि दांडीवरून सीटवर, हा प्रवास म्हणजे मुलाच्या वाढीची मापनपट्टीच होती. मराठवाड्यातील एका सबंध पिढीने सायकल विकत घेण्यापूर्वी ती चालवायला शिकून घेतली, ती या चार-आठ आण्यांवर. या पिढीत मुली जवळजवळ नव्हत्या, हे येथे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. दुकान सर्वांसाठी उघडे होते, पण मुलीने भर बाजारातून सायकल न्यावी ही गोष्ट घरच्यांनाच रुचत नव्हती.

सरकारदरबारी सायकल ही कराची आणि शिस्तीची बाब होती. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ ने सायकलींवर कर बसविण्याचा अधिकार पंचायतींना दिला, आणि १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने मोटारीखेरीज इतर वाहनांवरील कराची तशीच तरतूद केली. कर भरला की पितळेचा किंवा पत्र्याचा बिल्ला मिळे आणि तो सायकलीला लावावा लागे. बिल्ला नसलेली, रात्री दिव्याशिवाय निघालेली किंवा डबलसीट जाणारी सायकल शिपायाने अडविली की दंड, नाहीतर चाकाची हवा सोडणे ठरलेले. किरायाच्या सायकलीला हा जाच अधिक, कारण तिला डायनामो क्वचित असे आणि परगावाहून येणाऱ्याला परतताना अंधार पडेच.

सायकल आतल्या गावांपर्यंत गेली त्याला आणखी एक कारण घडले, आणि ते सुखाचे नव्हते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याची लक्षावधी माणसे खडी फोडायला आणि माती टाकायला सरकारी कामांवर गेली. त्या कामांतून पाझर तलाव झाले, बंधारे झाले आणि रस्ते झाले. जेथे पूर्वी पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात चाक रुतून बसे, तेथे मुरमाचा कच्चा का होईना रस्ता पोहोचला. ज्या हातांनी पोटासाठी तो रस्ता केला, त्यांच्याच मुलांनी पुढे त्यावरून सायकली नेल्या. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे हाच किरायाच्या धंद्याचा भरभराटीचा काळ होय.

ऱ्हास मात्र फार जलद झाला. १९७२ मध्येच अहमदनगरच्या कायनेटिक कारखान्यातून लूना बाहेर पडली होती. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना औरंगाबादेजवळ वाळूज येथे उभा राहिला, म्हणजे आता मराठवाड्याच्या भूमीवरच दुचाकी तयार होऊ लागल्या, आणि त्याच वर्षी थोड्या पेट्रोलात लांब जाणारी हिरो होंडा बाजारात आली. त्यानंतर हप्त्यांवरची विक्री आली, आणि रस्त्यावर काळी-पिवळी जीप आली. ज्या कोसांसाठी माणूस तासाचा किराया मोजीत होता, ते कोस दहा मिनिटांचे झाले. शिवाय सायकल ही गरिबीची खूण ठरली, आणि हा मनाचा बदल पेट्रोलच्या भावापेक्षाही अधिक निर्णायक होता. दुकानदारांनी सायकली एकेक करून विकल्या, मडगार्डवरचे क्रमांक खरवडून टाकले, आणि पाने तेच ठेवून मोटारसायकलींचे पंक्चर काढू लागले.

ज्या वस्तूचा लोप आपल्याकडे असा झाला, तिचा शोध सुधारलेल्या जगात त्याच सुमारास नव्याने लागत होता, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ॲमस्टरडॅममध्ये १९६५ साली प्रोव्हो नावाच्या तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता, कोणीही न्याव्यात म्हणून रस्त्यावर ठेवल्या; बिनकुलपाची सायकल ठेवणे बेकायदा म्हणून पोलिसांनी त्या जप्त केल्या. कोपनहेगनने १९९५ मध्ये नाणे अमानत टाकून सायकल सोडविण्याची युक्ती काढली. पॅरिसने २००७ च्या जुलैत सहस्रावधी सायकली रस्त्यावर आणल्या, आणि पहिल्या दोन वर्षांतच त्यांतील हजारो चोरीस गेल्या वा मोडल्या. भारतात म्हैसूर आणि भोपाळ या शहरांनी २०१७ मध्ये आरंभ केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आणि २०१८ मध्ये शहरात ठिकठिकाणी रंगीत सायकली उभ्या राहिल्या, मोबाइलवरून कुलूप उघडून त्या नेता येत. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ज्याचा लौकिक होता त्या पुण्यात तरी ही योजना रुजेल अशी आशा अनेकांना होती. ती रुजली नाही. परकीय कंपन्या आल्या तशा गेल्या, आणि मागे राहिल्या त्या बसकण मोडलेल्या, साखळी तुटलेल्या सायकली.

या अपयशाचे खापर नागरिकांच्या बेशिस्तीवर फोडण्याची आपल्याकडे चाल आहे. मला ते पटत नाही. लोह्याच्या बाजारातला मनुष्य पुण्याच्या माणसापेक्षा स्वभावतः अधिक सच्चा होता असे मानण्यास काही आधार नाही. अंतर होते ते व्यवस्थेत. नव्या योजनेत कुलूप होते, यंत्र होते, बँकेतून आपोआप वळते होणारे पैसे होते. सायकल परत आल्यावर तिच्या टायरवर अंगठा दाबून पाहणारा मनुष्य मात्र नव्हता. एक तार तुटली की दुसरी तुटते, दहा तारा तुटल्या की चाक जाते, आणि ज्या सायकलीचे चाक गेले तिची लाज कोणालाच वाटत नाही. जुन्या दुकानात वस्तूचा राखणदार, तिचा वैद्य आणि घेणाऱ्याचा परिचित हे तिन्ही एकाच ठिकाणी बसलेले असत. त्याच्या तोंडाकडे पाहून सायकल परत करायची आहे, ही जाणीव कुलपापेक्षा बळकट होती. नव्या योजनेच्या आखणीकारांनी सारे काही वगळले असते तरी चालले असते, हा मनुष्य वगळायला नको होता.

दुसरा प्रश्न वाटेचा. गुरू गोविंदसिंगांच्या पुण्यतिथीस आणि गुरुतागद्दीस २००८ मध्ये तीनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने आणि जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या साह्याने नांदेडचे अनेक रस्ते नव्याने बांधले गेले. वास्तुविशारद प्रदीप सचदेव यांच्या आराखड्यात रुंद पदपथ आणि सायकलींसाठी वेगळी वाट यांना स्थान होते, आणि मराठवाड्यातील शहरात हा विचार व्हावा हीच मोठी गोष्ट होती. परंतु आपल्या शहरांत अशी वाट मोकळी राहत नाही. उभ्या मोटारसायकली, हातगाडे आणि फलक तिच्यावर येतात, आणि मग सायकलवाला भीतीपोटी पदपथावर चढतो. पदपथ हा पायी चालणाऱ्याचा आहे, त्यावर वृद्धाला आणि लहानग्याला मागून येणाऱ्या चाकाचे भय नसावे, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. पण पदपथावर आलेल्या सायकलस्वाराला दटावण्यापूर्वी त्याला तेथे कोणी ढकलले हे पाहिले पाहिजे. रस्त्याच्या नियमांनी पदपथावर किंवा सायकलमार्गावर मोटारवाहन चालविण्यास मनाई केलेली आहे. या एका कलमाची अंमलबजावणी झाली तरी अर्धा तंटा मिटेल.

लोह्यात तर पदपथाचा प्रश्नच दूर, तेथे आहे ती साईडपट्टी. नागपूर-तुळजापूर महामार्ग चाकूर ते लोहा आणि लोहा ते वारंगा अशा टप्प्यांनी चौपदरी झाला, तशी त्यावरची वाहने वेगवान झाली. आणि आता या वाटेवर सायकल घेऊन निघते ती मुलगी. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, मागास ठरविलेल्या एकशे पंचवीस तालुक्यांत ही योजना आहे, आणि ज्या बाजारातून पूर्वी मुलीची सायकल गेली नाही तेथून आज घोळक्याने जाते. विसाव्या शतकातील किरायाच्या दुकानाला जे साधले नाही ते या योजनेने साधले, हे मी आनंदाने लिहितो. परंतु ती सायकल नादुरुस्त झाली की पुष्कळदा घरी भिंतीला टेकून राहते, कारण दुरुस्तीचा पैसा योजनेत नाही आणि दुरुस्त करणारा जवळ उरलेला नाही.

म्हणून लोह्याच्या नगरपरिषदेला आणि तिच्यासारख्या मराठवाड्यातील प्रत्येक नगरपरिषदेला एक विनंती करावीशी वाटते. मोठ्या शहरांच्या धर्तीवर यंत्राच्या सायकली मागविण्याच्या भरीस पडू नये. बसस्थानकाजवळ आणि शाळेजवळ, पंक्चर काढणाऱ्या विद्यमान कारागिरांपैकी एकेकाला नाममात्र किरायाने पक्की जागा द्यावी, दहा-वीस साध्या सायकली त्याच्या ताब्यात द्याव्यात, त्या तासाने देण्याचा हक्क आणि मिळालेला किराया त्याचाच असावा, आणि मोबदल्यात शाळकरी मुलींच्या सायकलींची दुरुस्ती त्याने ठरावीक दराने करावी. बसस्थानकापासून शाळेपर्यंतची साईडपट्टी भरून, सपाट करून, मोटारींपासून अलग ठेवावी. या कामाला मोठा निधी लागत नाही आणि नवा कायदाही लागत नाही; हे काम जाणणारे कारागीर अजून हयात आहेत, तोवर ते हाती घेतले पाहिजे.